तीन एमएमची पिन

सूर्याजीराव धुमाळांच्या दुकानात कागद चालत नसे. लेथला ग्वाल्हेरात खराद म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला खरादी. पडाव नावाच्या वस्तीतल्या मागच्या गल्लीत, ट्रकवाल्यांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या गर्दीत, सूर्याजीराव त्रेचाळीस वर्षं खरादी होते. कुणी मोबाइलवर फोटो दाखवला, कुणी चिठ्ठीवर आकडे लिहून आणले, तर मान वर न करता ते एवढंच म्हणत, "नमूना लाओ." मग गिऱ्हाईक मुकाट्याने घरी जाऊन तुटलेला बुश म्हणजे दांड्यावर बसणारी नळी, झिजलेली शाफ्ट, जे काय असेल ते घेऊन येई. सूर्याजीराव तो तुकडा हातात घेत, त्यावरून अंगठा फिरवत, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा जुळा भाऊ तयार असे.

लोक म्हणत, कारीगर आहे, थोडी मिजास असणारच. खरं कारण मिजास नव्हतं. खरं कारण सूर्याजीरावांना ठाऊक होतं आणि डोळ्यांच्या डॉक्टरला ठाऊक होतं, तिसऱ्या कुणाला नाही. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, मोतीबिंदू गेला, पण मागचा पडदाच खराब झालाय, दोन्ही डोळ्यांत. आता आहे तेवढं सांभाळा. तेव्हापासून सूर्याजीराव ज्याच्याकडे बघत त्याच्या बरोबर मधोमध एक करडा डाग येऊन बसे. माणसाकडे बघावं तर नाक गायब, घड्याळाकडे बघावं तर काटे गायब. वर्नियरवरच्या बारीक रेघा तर केव्हाच गेल्या होत्या. नमुना हातात असला की रेघा लागत नाहीत, बोटं सांगतात. म्हणून नमुना हवा.

घरी येऊन त्यांनी बायकोला, विमलला, सांगितलं होतं, "डॉक्टर म्हणाला एकदम फस्ट क्लास." झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण विमलबाईंना काहीतरी खटकत होतंच. गेल्या दिवाळीच्या आधी शर्टाची बाही चकमध्ये, म्हणजे खरादीच्या फिरत्या जबड्यात, अडकली. बाही गेली, हात वाचला. विमलबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेवटी सूर्याजीरावच म्हणाले, "असं कर. ज्या दिवशी माझं नाप चुकेल, त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं खराद बंद करीन. शब्द देतो." धुमाळांचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर इकडे आले. तलवारी कधीच मोडीत गेल्या, जमिनी त्याच्याही आधी गेल्या, पण दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही ही खोड तेवढी राहिली. विमलबाई जेवल्या. आणि सूर्याजीरावांच्या मनात त्या दिवसापासून पाल चुकचुकायला लागली, कारण खराद बंद म्हणजे सूर्याजीराव बंद. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती.

अशात एका सोमवारी दुपारी सीमंतिनीबाई आल्या. फूलबागेकडे राहणाऱ्या, मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या. खांद्याला कापडी पिशवी. गल्लीतल्या तेलाच्या डबक्यातून चप्पल सांभाळत आत शिरल्या आणि शाळेतल्याच आवाजात म्हणाल्या, "धुमाल जी आप ही हैं? मुझे आठ पिन बनवानी हैं. पीतल की."

"नमूना लाओ."

"नमूना नहीं है."

"जो टूट गई वो ले आओ."

"टूटी नहीं है. बनी ही नहीं है आज तक." मग दारावरची पाटी वाचून त्या मराठीवर आल्या. "अहो धुमाळ, तुम्ही तर आपलेच निघालात. मग नीटच सांगते. मी एक रोबोट बनवतेय."

सूर्याजीरावांनी पहिल्यांदा मान वर केली. बाईंचा चेहरा डागाने झाकला. त्यांनी नजर जरा बाजूला वळवली, तेव्हा कडेकडेने पांढरे केस आणि चष्मा दिसला.

बाईंनी पिशवीतून एक प्लास्टिकचा पाय काढून टेबलावर ठेवला. वीतभर लांब, मधे गुडघा, गुडघ्यात छोटी मोटर. असे चार पाय, एकेकाला दोन सांधे. सगळं सामान कुरियरने मागवलेलं. रोबोट उभा राहायला लागला की वजनाने प्लास्टिकचा सांधा काडकन् मोडायचा. तीनदा मोडला. म्हणून सांध्यात बेअरिंग आणि पितळेची पिन घालायची असं त्यांनी हिशेबाने काढलं होतं. नई सडकेवर विचारलं, मोठ्या कॉम्प्युटरवाल्या मशीनींच्या कारखान्यांत विचारलं. कारखानेवाले म्हणाले, माताजी, पाच सौ पीस बनवाने हों तो आना.

"पण हा रोबोट करतो काय?" सूर्याजीरावांनी विचारलं.

"सध्या पडतो," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "तो उभा राहावा एवढीच माझी इच्छा आहे."

"मग पुढे?"

"पुढचं पुढे. घरचे पण हेच विचारतात. मुलगी म्हणते, आई, लोग क्या क्या करते हैं रिटायर होकर, तू खेकडा पाळलास."

सूर्याजीराव हसले. तिथेच ते फसले. हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. बाईंनी कागद पुढे केला: पिनेचं चित्र, जाडी तीन एमएम, लांबी बारा, डोकं सहाचं. सूर्याजीरावांनी तो वाचल्यासारखं केलं. आता म्हणायला हवं होतं की बाई, माझ्याच्याने नाही होणार. ते ओठावर आलंही होतं. पण त्रेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं, आणि नाही म्हणावं तर बाई विचारणार, का? त्यापेक्षा आकडे त्यांनी बाईंनाच एकदा वाचायला सांगितले, चष्मा घरी राहिला असं सांगून.

"होऊन जाईल," ते म्हणाले. "गुरुवारी या."

मंगळवारी ते पितळेची सळई लावून बसले. डोकं सहाचं, लांबी बाराची. ती जराशी इकडेतिकडे झाली तरी कुणी विचारणार नव्हतं. खरी गोम तीन एमएममध्ये होती. वर्नियर लावला, दिव्याखाली धरला, डोळा तिरपा केला. रेघांच्या जागी करडी राख. भिंग लावलं, तर डागही मोठा झाला. शेवटी त्यांनी जुन्या लोकांची युक्ती केली. खरादी, सुतार, लोहार सगळे सूत मापतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक सुताचा ड्रिल त्यांच्याकडे होता. त्याने एका पत्र्याला भोक पाडलं आणि त्या भोकात नीट बसेल अशी पिन कातली. एक सूत आणि तीन एमएम यांत फरक तो किती? केसभर. बाजारात दोन्ही एकच समजतात. तो केसभर फरक सूर्याजीरावांना चांगला माहीत होता, पण माणूस अडचणीत असला की केसाकडे काणाडोळा करतो.

गुरुवारी सीमंतिनीबाईंनी पिशवीतून डबी काढली आणि डबीतून बेअरिंग. करंगळीच्या नखाएवढं. पिनेवर ठेवलं. बसेना. दुसरी पिन घेतली. बसेना. आठही पाहून झाल्या.

"जाड आहेत हो," त्या म्हणाल्या. पर्समधून त्यांनी स्वतःचा वर्नियर काढला, आकडे दाखवणारा. "तीन पॉइंट एक सात."

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाप चुकलं होतं. पितळ उघडं पडायचं ते शेवटी पितळेच्याच पिनेवर पडलं. सूर्याजीरावांच्या तोंडातून शब्द निघून गेले, "आमच्याकडे तर तीन एमएम म्हणजे एक सूतच धरतात बाई. पूर्ण पडावमध्ये कुणालाही विचारा. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं नं, की एकदम बरोबर तीन हवेत."

बाई भांडतील असं त्यांना वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. चढ्या आवाजात खोटं पचून जातं. पण सीमंतिनीबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मी तुमच्या पद्धतीनं विचारायला हवं होतं." आणि पिना पुडीत बांधून निघून गेल्या.

खाई त्याला खवखवे. त्या रात्रीचं जेवण सूर्याजीरावांना गोड लागलं नाही. विमलबाईंनी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही, थकलो." शब्द मोडला नव्हता, असं त्यांनी स्वतःला समजावलं. नाप चुकलं असं कुणी म्हटलंच नव्हतं. बाईंनी तर उलट माफी मागितली. पण ज्याच्या हातात त्रेचाळीस वर्षं माप आहे त्याला वेगळा वर्नियर लागत नाही. आपण केवढ्याने खोटे आहोत ते त्याला बरोबर कळतं.

शनिवारी सीमंतिनीबाई परत आल्या. त्यांच्या हातात नवा कागद होता, मोठा, ड्रॉइंगचा. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर सूर्याजीरावांचेच चार बुश ठेवले.

"हे बघा. सगळं सुतात करून आणलंय. लांबी पावणेचार सूत आणि वर थोडं. डोकं एक पूर्णांक एकोणनव्वद शतांश सूत. आणि पिनेची जाडी शून्य पूर्णांक नऊशे पंचेचाळीस सहस्रांश सूत. दोन दिवस लागले मला. सुतात इतका बारीक हिशेब कुणी केलेला नसेल, पण येतो, का नाही येणार? आता चूक नाही व्हायची. मागची चूक माझीच होती."

बासष्ट वर्षांची बाई, दोन दिवस बसून, सूर्याजीरावांच्या एका खोट्यासाठी एमएमचं सूत करत राहिली. ती कागद दाखवत होती आणि सूर्याजीरावांना कागद दिसतच नव्हता; कागदाच्या जागी करडा डाग आणि कडेला बाईंची शाईने माखलेली बोटं. त्यांनी खराद बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही बसा इथं. स्टूल स्वच्छ आहे. तुमची काही चूक नाही. मला दिसत नाही."

सीमंतिनीबाई बसल्या.

मग सूर्याजीरावांनी सगळं सांगितलं. पडद्याचं, डॉक्टरचं, डागाचं. नमुन्याशिवाय काम का घेत नाही ते. विमलबाईंना दिलेल्या शब्दाचं. "तीन एमएम आणि सूत यांतला फरक मला माहीत आहे बाई. पोरवयापासून माहीत आहे. मी खोटं बोललो. नाप चुकलं होतं. म्हणजे आता ही बंद." ते खरादीकडे बघत नव्हते. "दुसऱ्या खराद्याकडे मी स्वतः घेऊन जातो तुम्हाला. चांगला आहे. तुमच्या पिना होऊन जातील."

सीमंतिनीबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. तेहतीस वर्षं मुलींना शिकवलेल्या बाईला रडं आणि खरं बोलणं यांच्या मधली जागा ओळखता येते. तिथे घाई करायची नसते. चष्मा परत लावून त्या म्हणाल्या, "शब्द तुमचा आहे, मी मधे पडणार नाही. पण माझ्या आठ पिना राहिल्यात. त्या तुम्ही घेतल्या होत्या अंगावर. त्या कोण पुऱ्या करणार?"

"दिसत नाही तर कशा करू?"

"दिसायचं काम माझ्याकडे द्या. वर्नियर मी वाचते. आणि हे बेअरिंग तुमच्या हातात ठेवा, हाच नमुना. पहिल्या दिवशीच द्यायला हवं होतं मी. शाळेत पण मुली म्हणायच्या, बाई सगळं फळ्यावर सांगतात, हातात काही देत नाहीत."

मग ते काम झालं, आणि ते मोठं बघण्यासारखं होतं. सूर्याजीरावांनी बाह्या कोपरावर गुंडाळल्या. बाईंना पदर खोचायला लावलं, कीस उडत नाही अशा बाजूला उभं केलं. सळई फिरू लागली. पितळेचा पिवळा कीस गळायला लागला. ते खराद थांबवत, बाई पुढे वाकून मापत, "तीन पॉइंट चार." पुन्हा चालू. "तीन पॉइंट एक पाच." मग सूर्याजीराव कान देऊन कातू लागले; हत्यार पितळेवर कमी लागलं की आवाज पातळ होतो, तो त्यांना कळत होता. "तीन पॉइंट शून्य चार." आता घासायचा एमरी कागद. एकदा, दोनदा. त्यांनी बेअरिंग पिनेच्या टोकाला लावलं, दोन बोटांनी ढकललं. ते गेलं, पण थोडं अडून गेलं. पुन्हा एमरी, अगदी हलक्या हाताने. या वेळी बेअरिंग जसं जायला हवं तसं गेलं.

"झालं," सूर्याजीराव म्हणाले.

बाईंनी मापलं. "दोन पॉइंट नऊ नऊ." त्यांनी वर्नियर खाली ठेवला. "तुम्ही आधी सांगितलंत. मी नंतर मापलं."

चौथ्या पिनेनंतर तर बाईंनी गंमतच सुरू केली. ते "झालं" म्हणेपर्यंत त्या वर्नियर पाठीमागे धरून उभ्या राहत. एकदाही सूर्याजीरावांचं बोट चुकलं नाही. आठवी पिन त्यांच्या तळहातावर पडली तेव्हा त्यांनी मूठ मिटली आणि ते बराच वेळ तशीच धरून उभे राहिले.

"बाई, तुमचे आभार कसे मानू मला कळत नाही," ते म्हणाले. त्यांना आभार मानायची सवय नव्हती, त्यामुळे वाक्य जरा वेडंवाकडं आलं. "दोन वर्षं मला वाटत होतं की हात पण गेला. आज समजलं, हात आहे."

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी विमलबाईंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या खोट्यापासून. खराद बंद, हेही सांगितलं. विमलबाईंनी खरादीचं काही ऐकलंच नाही. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही एकटे हे घेऊन फिरत होतात?" आणि पदर डोळ्यांना लावला. मग उठून त्यांनी ताट वाढलं आणि सांगायला लागल्या, "भाजी उजवीकडे आहे, लोणचं वर, पाणी डाव्या हाताला." गेली दोन वर्षं पाण्याचा गडू का कलंडत होता ते त्यांना आता उमगलं होतं, आणि त्यावरून आपण किती बोललो तेही.

दुसऱ्या आठवड्यात विमलबाई स्वतः दुकानात आल्या, आवराआवर करायला. ठरल्यासारख्या सीमंतिनीबाईही आल्या, हातात बुटांचं खोकं. खोक्यातून चार पायांचा तो खेकडा काढून त्यांनी खरादीच्या सपाट लोखंडावर ठेवला. बटण दाबलं. मोटरी कुरकुरल्या. आठही सांधे एकदम हलले आणि तो वर उठला, थरथरला, आणि उभा राहिला. सूर्याजीरावांनी मान वळवून कडेच्या नजरेने त्याला नीट पाहून घेतलं. मग हात पुढे करून त्याच्या एका गुडघ्याला बोट लावलं. मोटरीची बारीक धडधड लागत होती, आणि त्या धडधडीत पिन जागची हलत नव्हती.

"उभा तर राहिला," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "पण चालायचं म्हटलं की लडखडतो. खुब्याचे चार बुश हवेत. नवे. ते कुणी करायचे?"

"शब्द दिलाय बाई."

"मग मला शिकवा."

सूर्याजीराव काही बोलायच्या आत विमलबाई म्हणाल्या, "शिकवा की. बंद तुमचा हात केलाय, तोंड नाही."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सीमंतिनीबाई पदर खोचून, बाह्या वर करून खरादीपाशी उभ्या राहतात. पडावचे ट्रकवाले पहिले आठ दिवस चहाचे ग्लास घेऊन बघायला जमत होते. मग बाईंनी एकाला सात गुणिले तेरा विचारलं, तेव्हापासून कुणी थांबत नाही. सूर्याजीराव बाजूच्या स्टुलावर बसून आवाज ऐकतात. "हत्यार जास्त घेतलंत. मागे घ्या. घाई नका करू, पितळ आहे, पळून नाही जाणार." पहिले नऊ बुश भंगारात गेले. बाई प्रत्येकाला मार्क देत, स्वतःलाच, बहुतेक नापास.

दहावा बाईंनी सूर्याजीरावांच्या तळहातावर ठेवला आणि वर्नियर पाठीमागे धरला. सूर्याजीरावांनी आतून बोट फिरवलं, बाहेरून अंगठा फिरवला, बेअरिंग घालून पाहिलं.

"झालं," ते म्हणाले.

तो बुश त्या दिवशी रोबोटात गेला नाही. सूर्याजीरावांनी तो एका दिवसासाठी मागून घेतला, खिशात घालून घरी आणला आणि विमलबाईंच्या हातावर ठेवला. त्रेचाळीस वर्षांत हजारो बुश त्यांनी कातले होते, पण एकही कधी घरी दाखवायला आणला नव्हता.

"बघ कसा गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "हा मी नाही केला. माझ्या शिकवणीतल्या बाईंनी केलाय."